हेडफोन अँपमधले भाग बदलायचे तर कोणत्या क्रमाने?

हेडफोन अँप सुधारायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी ऑप-अँपकडे, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपकडे, जातो. साहजिकच आहे. आठ पिनांची चिप सॉकेटमध्ये बसलेली असते, सोल्डरिंग लागत नाही. जुनी उपटली, नवी दाबली, काम झालं. पण शांत जागी ऐकू येणारी हिस, कमी आवाजात डावी-उजवी बाजू असमान वाजणं, नॉब फिरवताना होणारी खरखर, एखाद्याच हेडफोनवर बिघडणारा बास, या तक्रारींचं मूळ त्या चिपमध्ये क्वचितच सापडतं. ते असतं गेनमध्ये (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण), व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (नॉबमागचा बदलता रेझिस्टर), आउटपुटला लावलेल्या रेझिस्टरमध्ये किंवा वीजपुरवठ्यात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी मोजमाप, मग गेन, पॉट, आउटपुट आणि पुरवठा. ऑप-अँप सगळ्यांत शेवटी.

हा लेख अडॅप्टरवर चालणाऱ्या, ऑप-अँपवर आधारलेल्या टेबलावरच्या अँपबद्दल आहे. ज्याच्या आत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे त्याच्या प्रायमरी बाजूला अनुभवाशिवाय हात लावू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या आउटपुटचे, पूर्ण व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे अँप तर पहिल्या प्रयोगासाठी नकोतच, कारण त्यांच्यात शेकडो व्होल्ट डीसी असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. कमी व्होल्टेजच्या हायब्रिड (ट्यूब आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेल्या) अँपमध्ये ट्यूब बदलता येते, पण तिथेही एक सापळा आहे. १२एयू७ आणि ६डीजे८ दोन्ही नऊ पिनांच्या एकाच बेसवर बसतात, मात्र पहिल्यात नववी पिन फिलामेंटचा मध्यबिंदू असते आणि दुसऱ्यात ती आतल्या शील्डला जोडलेली असते. सॉकेटमध्ये बसते म्हणजे चालते, असं नाही.

उघडण्याआधी मोजा

लागणारं सामान फार नाही. बरा मल्टीमीटर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, सपाट छिन्नीसारखं टोक, ६३/३७ सोल्डर, फ्लक्स, सोल्डर ओढणारा पंप, तांब्याची जाळीची पट्टी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. शिवाय ३३ ओहमचे दोन रेझिस्टर, किमान अर्ध्या वॉटचे. हे हेडफोनच्या जागी लावायचे, म्हणजे काही चुकलंच तर महागडे हेडफोन जळणार नाहीत.

मोजमापं तीन. प्रत्येक आकडा कागदावर लिहा, कारण नंतर सुधारणा झाली की बिघाड, हे तोच सांगेल.

पहिलं, डीसी ऑफसेट, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुटवर उरणारा डीसी व्होल्टेज. अँप सुरू करून दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, गाणं वाजवू नका आणि हेडफोन जॅकवर प्रत्येक चॅनल ते ग्राउंड असा डीसी व्होल्टेज मोजा. नॉब शून्यावर, मध्यावर आणि पूर्ण असताना असे तीन आकडे घ्या. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, २०पर्यंत चालेल, ५०च्या वर गेला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, ऑप-अँपला प्रत्यक्ष मिळणारा पुरवठा. दुहेरी ऑप-अँपची (एका चिपमध्ये दोन) पिन ८ धन आणि पिन ४ ऋण. या दोघींमधला व्होल्टेज मोजा, मग दोन्हींचा ग्राउंडच्या तुलनेत मोजा. अडॅप्टरवर १२ छापलं आहे म्हणून आत १२च असेल असं गृहीत धरू नका. कित्येक अँप आत त्याचे ±१२ किंवा ±१५ करतात, तर काही १२चे दोन भाग करून ±६वर चालतात. मोजताना प्रोब घसरून शेजारच्या पिनला लागला तर चिप जाऊ शकते, तेव्हा हात टेकवून काम करा.

तिसरं, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपच्या आउटपुटचा स्वतःचा आतला रोध. फोन किंवा संगणकावरून ४०० हर्ट्झचा साइन सूर वाजवा. स्वस्त मल्टीमीटरचा एसी मोड याहून वरच्या वारंवारतेला खोटं बोलू लागतो, म्हणून १००० हर्ट्झचा मोह टाळा. लोड न लावता आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणा, मग ३३ ओहम जोडून पुन्हा मोजा. सूत्र असं: ३३ × (लोडशिवायचा व्होल्टेज ÷ लोडसह व्होल्टेज − १). समजा ०.५०० चा ०.३८४ झाला, तर आउटपुट इम्पिडन्स साधारण १० ओहम.

आता झाकण काढा. अडॅप्टर आधी भिंतीतून काढा आणि मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर १ किलोओहमचा रेझिस्टर अर्धा मिनिट धरा. ४७०० मायक्रोफॅरडसुद्धा तेवढ्यात जवळपास रिकामा होतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय असेल तर ती सोडा. मग बोर्डाचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा. चिपची खाच कुठे आहे, कपॅसिटरची पट्टी कोणत्या बाजूला आहे, हे त्यात दिसायला हवं. ॲल्युमिनियमच्या उभ्या कपॅसिटरवरची पट्टी ऋण टोक दाखवते, तर पृष्ठभागावर चिकटवलेल्या टँटॅलमवरची पट्टी धन टोक. या एका फरकामुळे पुष्कळ धूर निघालेला आहे.

गेन: सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठा बदल

साधा हिशेब करू. डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं उपकरण) पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट आरएमएस मिळतात. ३२ ओहमचा, १ मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा हेडफोन घ्या. त्याला २ व्होल्ट दिले की १२५ मिलिवॉट होतात आणि आवाज १२१ डेसिबलवर जातो, म्हणजे कानाला इजा करणाऱ्या पातळीच्याही वर. हे सगळं गेन १ असताना. तरीही कित्येक अँप ११ पट गेन लावून येतात, कारण नॉब थोडासा फिरवताच दणदणीत वाजलं की अँप ‘पॉवरफुल’ वाटतो. परिणाम असा की वापरणारा कायम नॉबच्या पहिल्या थोड्याशा फिरकीत अडकतो. नेमक्या त्याच भागात पॉटचे दोन चॅनल सर्वात असमान असतात. शिवाय चिपचा नॉइजही ११ पट वाढून बाहेर येतो.

गेन ठरवणारे रेझिस्टर शोधायला सोपे आहेत. नेहमीच्या नॉन-इन्व्हर्टिंग रचनेत पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये फीडबॅक रेझिस्टर असतो, पिन २पासून ग्राउंडकडे दुसरा. उजव्या चॅनलला तीच जोडी पिन ७ आणि ६वर. गेन म्हणजे १ अधिक (फीडबॅक रेझिस्टर ÷ ग्राउंडकडचा रेझिस्टर). १० किलोओहम आणि १ किलोओहम असतील तर ११ पट.

मी ग्राउंडकडचा रेझिस्टर वाढवतो आणि फीडबॅकचा तसाच ठेवतो. १ किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहम लावला की गेन ३.१ होतो. यामागे कारण आहे. फीडबॅक रेझिस्टरला समांतर अनेकदा एक छोटा पिकोफॅरड कपॅसिटर असतो, तो सर्किट स्थिर ठेवतो. १० किलोओहम बदलला नाही तर त्याचं गणितही बदलत नाही. ग्राउंडच्या वाटेवर इलेक्ट्रोलिटिक असेल तर मोठ्या रेझिस्टरमुळे बासची कटऑफ (जिच्याखाली आवाज घटू लागतो ती वारंवारता) आणखी खाली जाते, म्हणजे फायदाच. रेझिस्टर मोठा झाल्याने त्याचा स्वतःचा नॉइज थोडा वाढतो हे खरं, पण गेन इतका उतरलेला असतो की आउटपुटवर एकूण नॉइज घटतोच. चिपच्या नॉइजपुरतं बोलायचं तर ११वरून ३वर येणं म्हणजे ११ डेसिबलची घट. कोणताही ऑप-अँप बदलून इतका फरक सहजासहजी पडत नाही.

३०० ओहमचे हेडफोन वापरणाऱ्यांनाही २ ते ३ पट गेन सहसा पुरतो. फारच कमी संवेदनशील प्लॅनर हेडफोन असतील तर वेगळा हिशेब करा.

रेझिस्टर मेटल फिल्म, १ टक्क्याचे घ्या आणि दहाएक मोजून त्यातून जुळणारी जोडी निवडा. दोन्ही चॅनलमध्ये ०.१ डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे १ टक्का, तेव्हा ही निवड वायफळ नाही. गेन उतरवण्याआधी चिपचा नंबर मात्र वाचा. एनई५५३४ बाहेरून कॉम्पेन्सेशन कपॅसिटर न लावता ३ पटीखाली स्थिर राहत नाही आणि ओपीए६३७ला किमान ५ पट लागतो. एनई५५३२, टीएल०७२, ओपीए२१३४ या नेहमीच्या चिप १ पटीलाही स्थिर असतात.

पॉट

खरखर फक्त नॉब फिरवताना येत असेल तर लगेच नवं पॉट आणू नका. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीसेक वेळा फिरवून बघा. तरी राहिली तर पॉटमधून डीसी करंट वाहत असण्याची शक्यता जास्त. एनई५५३२च्या इनपुटमधून साधारण २०० नॅनोअँपिअर बायस करंट (चिपच्या इनपुटला कायम लागणारा बारीक करंट) वाहतो. आधी कपॅसिटर, मग ५० किलोओहमचं पॉट आणि पुढे थेट चिप अशी रचना असेल, तर नॉब पूर्ण असताना त्या करंटमुळे १० मिलिव्होल्ट तयार होतात आणि ५ पट गेननंतर आउटपुटवर ५० होतात. नॉब फिरेल तसा हा आकडा हलतो, आणि कानाला ती खरखर लागते. उपाय दोन: १० किलोओहमचं पॉट लावा, किंवा पॉटचा वायपर (सरकणारा मधला संपर्क) आणि चिप यांच्यामध्ये कपॅसिटर देऊन चिपच्या बाजूने ग्राउंडला एक स्थिर रेझिस्टर द्या. या रेझिस्टरमुळे ऑफसेट राहील, पण नॉबसोबत हलणार नाही. इथे ४.७ मायक्रोफॅरड आणि २२ किलोओहम पुरे. त्यांची कटऑफ १.५ हर्ट्झला पडते.

पॉट लहान करताना इनपुटचा कपॅसिटर तपासायला विसरू नका. १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम म्हणजे १६ हर्ट्झची कटऑफ, ती जरा वर आहे. २.२ मायक्रोफॅरड लावला की ७ हर्ट्झवर येते.

पॉट बदलायचंच ठरलं तर लॉग टेपर (आवाज कानाला सारख्या टप्प्यांनी वाढवणारं), दुहेरी (दोन चॅनलसाठी), आणि पिनांमधलं अंतर मोजून घ्या. अल्प्सचं आरके२७ नावाजलेलं आहे, पण ते २७ मिलिमीटरचं धूड ९ मिलिमीटरच्या पॉटच्या जागी बसत नाही. वायर काढून बसवलं तर त्या वायर हम पकडतात. गेन योग्य केल्यावर जुनंच पॉट मधल्या भागात वापरात येतं आणि असमानतेची तक्रार बहुधा तिथेच मिटते.

आउटपुट: रेझिस्टर आणि कपॅसिटर

आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, हा ढोबळ नियम. ३२ ओहमला ४ ओहमपर्यंत. याचं महत्त्व इनइअरवर सर्वात ठळक कळतं. बॅलन्स्ड आर्मेचर (एक प्रकारचा छोटा ड्रायव्हर) असलेल्या एखाद्या इनइअरचा इम्पिडन्स एका वारंवारतेला ८ ओहम आणि दुसरीकडे ४० ओहम आहे असं धरा. अँपचा आउटपुट १० ओहम असेल तर या दोन ठिकाणांच्या पातळीत ५ डेसिबलचा फरक पडतो. १ ओहम असेल तर ०.८ डेसिबल. अँपचा ‘स्वभाव’ म्हणून जे वर्णन केलं जातं, त्यातलं बरंचसं एवढंच असतं.

तरीही तो रेझिस्टर सरळ काढून शॉर्ट करू नका. लांब केबलच्या कपॅसिटन्सपासून तो चिपला वेगळं ठेवतो आणि प्लग जॅकमध्ये सरकताना क्षणभर होणाऱ्या शॉर्टपासून वाचवतो. १०० ओहम असेल तर १०वर या, १० असेल तर ४.७ किंवा २.२वर. ऑफसेट आणि चिपचं तापमान पुन्हा तपासा.

एकेरी पुरवठ्याच्या (ऋण व्होल्टेज नसलेल्या) अँपमध्ये आउटपुटला मोठा इलेक्ट्रोलिटिक असतो. तो ‘सिग्नलच्या वाटेतला अडथळा’ म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. १२ व्होल्टच्या अँपमध्ये त्याच्या मागे ६ व्होल्ट डीसी उभा असतो आणि कपॅसिटर गेला की तो सरळ हेडफोनच्या कॉइलमध्ये जातो. मात्र त्याची किंमत वाढवता येते. २२० मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम मिळून २३ हर्ट्झची कटऑफ देतात, १००० मायक्रोफॅरड लावला की ती ५ हर्ट्झवर येते. बास खरोखर सुधारतो. बदल्यात चालू करताना होणारा धप्प आवाज अधिक लांबतो, म्हणून हेडफोन नंतर जोडायची सवय लावा.

वीजपुरवठा

हम किंवा बारीक शिट्टी येत असेल तर भाग बदलण्याआधी अडॅप्टरच्या जागी तेवढ्याच व्होल्टेजची बॅटरी लावून ऐका. अडॅप्टर डीसी देणारा असेल तरच. एसी देणारा असेल तर हा प्रयोग करू नका. आवाज गेला तर दोषी अडॅप्टर आहे, आणि आतले कपॅसिटर बदलून पदरात फारसं काही पडणार नाही.

जुन्या अँपमधले इलेक्ट्रोलिटिक मात्र बदलण्यासारखे असतात. तापमान दर १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचे लावावेत, शक्य तर गरम भागापासून दूर. व्होल्टेज मूळचा किंवा जास्त. क्षमता मूळची किंवा फार तर दुप्पट. त्यापुढे जाल तर चालू करताना डायोडवर येणारा करंटचा झटका वाढतो आणि हाती फारसं लागत नाही.

कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर सगळीकडे चांगलेच, हा समज तपासून घ्या. एलएम१११७सारख्या रेग्युलेटरला आउटपुट कपॅसिटरमध्ये किमान ०.३ ओहम ईएसआर लागतो. तिथे अतिकमी ईएसआरचा भाग लावला तर रेग्युलेटर स्वतःच ऑसिलेट करू शकतो, म्हणजे त्याचा व्होल्टेज आपोआप वरखाली डोलू लागतो. एलएम३१७ असेल तर उलट एक सोपी सुधारणा मिळते. त्याच्या ॲडजस्ट पिनपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावला की रिपल रिजेक्शन (पुरवठ्यातली लहर दाबण्याची क्षमता) ६५वरून ८० डेसिबलच्या आसपास जातं. सोबत ॲडजस्ट पिनपासून आउटपुटकडे संरक्षक डायोड द्या.

सिग्नलच्या वाटेतल्या कपॅसिटरबद्दल माझं मत थोडं रूक्ष आहे. तिथे एक्स७आर सिरॅमिक असेल तर बदला, कारण व्होल्टेजनुसार त्याची क्षमता हलते आणि विकृती येते; फिल्म किंवा सी०जी (व्होल्टेजने न हलणारा सिरॅमिक) लावा. पण पुरेशा मोठ्या इलेक्ट्रोलिटिकवर ऑडिओचा व्होल्टेज जवळपास पडतच नाही. त्याच्या जागी अंगठ्याएवढा पॉलिप्रॉपिलीन बसवण्याची खटपट मोजमापात दिसत नाही.

आता ऑप-अँप

२०११मध्ये सर्किटसह प्रसिद्ध झालेल्या ओ२ या अँपचं उदाहरण बोलकं आहे. त्याच्या आउटपुटला एनजेएम४५५६ए ही साधी, स्वस्त चिप आहे, कारण ती ७० मिलिअँपिअर देऊ शकते. ३२ ओहममध्ये १ व्होल्ट आरएमएस हवे असतील तर शिखराला ४४ मिलिअँपिअर लागतात. एनई५५३२ शॉर्ट केली तरी साधारण ३८ देते. टीएल०७२ त्याहून मागे. निवड करंटकडे बघून झाली आहे, चिपच्या लौकिकाकडे बघून नाही.

नवी चिप लावण्याआधी हे पाहा:

१. एकेरी की दुहेरी? दोन्ही आठ पिनांच्याच असतात. दुहेरीत पिन ८ धन पुरवठा आणि पिन ७ आउटपुट, तर एकेरीत पिन ७ धन पुरवठा आणि पिन ६ आउटपुट. चुकीची लावली तर चिप जाते, कधी सोबत हेडफोनही.

२. तुमचा मोजलेला पुरवठा तिला झेपतो का? एलएम४५६२ची मर्यादा ±१७ व्होल्ट, ओपीए२१३४ची ±१८. एडी८०६६ मात्र एकूण २४ व्होल्टचीच आहे. ±१५ला ती टिकणार नाही.

३. बायस करंट किती? एनई५५३२ काढून ओपीए२१३४ लावली की पॉटची खरखर जाते ती एफईटी इनपुटमुळे, त्याचा बायस करंट काही पिकोअँपिअरच असतो. उलट दिशेने बदल केलात तर खरखर विकत घ्याल.

४. हेडफोन थेट चिपवर आहे की पुढे बफर (जास्त करंट देणारा वेगळा टप्पा) आहे? बफर असेल तर करंटची चिंता नाही.

५. वेग किती वाढतो आहे? एनई५५३२ची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, एलएम४५६२ची ५५. संथ चिपसाठी आखलेल्या बोर्डावर वेगवान चिप ऑसिलेट करू शकते. पिन ४ आणि ८ यांच्यामध्ये बोर्डाच्या खालून, शक्य तितक्या जवळ, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावा. इथे एक्स७आर चालतो.

ऑसिलेशन नेहमी ऐकू येत नाही. सिग्नल नसताना चिप चटका बसेल इतकी तापणं, ऑफसेट अचानक सरकणं, बोट जवळ नेल्यावर हिस बदलणं या त्याच्या खुणा. ऑसिलोस्कोप मिळाला तर प्रश्नच नाही. नावाजलेल्या महाग चिपच्या नकला सर्रास मिळतात, तेव्हा उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडूनच घ्या.

चिप सोल्डर केलेली असेल तर ती वाचवण्याच्या नादात बोर्ड घालवू नका. पाय बारीक पक्कडीने कापा, मग एकेक पाय ३५० अंशांच्या आसपास तापवून काढा. ग्राउंडच्या पिनला जास्त उष्णता लागते, तिथे ताजं सोल्डर आणि फ्लक्स घाला आणि घाई करू नका. ओढाताण केली की तांब्याचा पॅड उचलला जातो. मग मशीन केलेल्या पिनांचं सॉकेट बसवा, खाच जुन्या चिपच्या दिशेनेच.

पुन्हा सुरू करताना

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर हीच फेरी. बोर्ड अल्कोहोलने पुसा, भिंगातून जोड पाहा, पुरवठ्याच्या दोन्ही बाजू आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते मल्टीमीटरवर तपासा. करंट मर्यादित करता येणारा पॉवर सप्लाय असेल तर १०० मिलिअँपिअरवर लावून सुरुवात करा; त्या मर्यादेला अँप अडला तर आधी कारण शोधा. हेडफोन जोडू नका. पुरवठा मोजा, चिपला बोट लावून पाहा, नॉबच्या तीन जागांवर ऑफसेट घ्या, मग ३३ ओहमवर साइन सूर वाजवा. आकडे जुन्या कागदाशी जुळले किंवा सुधारले तर आधी एखादा जुना हेडफोन लावा.

कानाने तुलना करायची तर दोन्ही अवस्थांची पातळी मल्टीमीटरने ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. किंचित मोठं वाजलं की कानाला ते हटकून ‘जास्त मोकळं’ वाटतं. कोणता अँप वाजतोय हे दुसऱ्याला बदलू द्या आणि तुम्हाला न सांगता. ऑडिओ इंटरफेस असेल तर रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने लूपबॅक लावून (अँपचं आउटपुट इंटरफेसच्या इनपुटला जोडून) नॉइज आणि विकृती आधी-नंतर नोंदवता येते. काढलेले भाग पाकिटात घालून त्यावर बोर्डावरचा क्रमांक लिहा, आणि नव्या किमती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. वर्षभराने अँप पुन्हा उघडाल तेव्हा तो ४.७ किलोओहम कुठून आला हे आठवणार नाही.